मॅनेजमेंटची कुठली पुस्तकं खरंच कामाला आली? अनुभव सांगा

पार्कचौककर: पुतण्याचं एमबीएचं नक्की झालं. कॉलेजची वाचनयादी त्यानं घरच्या ग्रुपवर टाकली आणि विचारलं, "काका, यातलं आधी काय घेऊ?" यादीत मॅनेजमेंटवर लिहिणारा पीटर ड्रकर दिसला आणि एकदम जुने दिवस आठवले. टॉवेलच्या कारखान्यात नवीन लागलो होतो. 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' (१९६७) मध्ये तो म्हणतो, कामांचं नियोजन नंतर करा, आधी वेळ कुठं जातो ते लिहून काढा. लिहिलं. निम्मा दिवस सुताची चलनं शोधण्यात आणि डाईंगवाल्याला फोन लावण्यात! फाईलींना रंग दिले, डाईंगला फोनची एक वेळ ठरवली, एवढंच. तुम्ही काय वाचलंत, काय सोडलंत? पोराला यादी लहान करून द्यायचीय.

टेरीवाला: गोल्डरॅटचं 'द गोल', १९८४. कादंबरी आहे, कंटाळा येत नाही. त्यात पोरांची एक रांग डोंगरात चालत असते. सगळ्यात हळू चालणाऱ्या हर्बीला पुढं घेतात आणि त्याच्या पिशवीतलं ओझं वाटून घेतात. वाचत होतो तेव्हा आमच्याकडं नवीन लूम घ्यायचं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये फिरलो तर लूम धडाधड चालू आणि शिलाईपुढं टॉवेलचा छताला लागेल एवढा ढीग. आमचा हर्बी शिलाईत बसलेला! लूम राहिले बाजूला, शिलाईला बायका वाढवल्या.

पूर्वभागातला: टेरीवाला, तुमच्याकडं अजून माणसं मिळतात का हो शिलाईला? आमच्याकडं सणाला गावी गेलेली परत यायची मारामार.

टेरीवाला: नाय मिळत. तो वेगळा धागा काढावा लागेल 😄

पूर्वभागातला: बरं, विषयावर येतो. कामाची वेळ मोजून काम बसवणारा अमेरिकन इंजिनिअर टेलर, त्याचं 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' (१९११) वाचाच, पण डोळे उघडे ठेवून. बेथलहेम स्टील या अमेरिकेतल्या पोलाद कंपनीत एक माणूस दिवसाला साडेबारा टन लोखंड उचलायचा, ते ४७ टनांवर नेलं असं तो अभिमानानं सांगतो. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५. म्हणजे काम पावणेचारपट आणि पगार साठ टक्के जास्त! त्या गोष्टीच्या खरेपणावर नंतर अभ्यासकांनी शंकाही घेतल्या. आमच्या वडिलांनी जन्मभर माग चालवला, त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "हे शेठ लोकांनी लिहिलेलं दिसतंय." लागलीच मॅकग्रेगर घ्या, 'द ह्यूमन साइड ऑफ एंटरप्राइज', १९६०. माणूस मुळातच कामचुकार असतो असं धरून चाललं की कारखाना कसा चालतो आणि नाही धरलं तर कसा, हे त्यात आहे.

सातरस्ता_७: का बे, एवढं वाचता कधी तुम्ही? मी हुतात्मा एक्सप्रेसमध्ये पुस्तक उघडतो, कुर्डूवाडीपर्यंत झोप.

मीनल_नवीपेठ: भाजी चिरता चिरता लिहितेय, घाईत. यशस्वी कंपन्यांच्या गोष्टी असलेली पुस्तकं जरा जपून. 'गुड टू ग्रेट' (२००१) मधल्या ११ महान कंपन्यांपैकी इलेक्ट्रॉनिक्स विकणाऱ्या सर्किट सिटीनं २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, गृहकर्जातली फॅनी मे त्याच वर्षी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. पुस्तक वाईट नाही, पण "यांनी हे केलं म्हणून ते मोठे झाले" हे वाक्य दिसलं की मी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढते. पुस्तक जुनं झालं की त्यातल्या कंपन्यांचं पुढं काय झालं ते बघा, मग विकत घ्या.

पार्कचौककर: मीनलताई, हे भारी. हेच पुतण्याला सांगतो.

मीनल_नवीपेठ: आणि त्याला म्हणावं, सगळी नवी कोरी घेऊ नकोस. सेकंडहँडमध्ये आधीच्या मालकाच्या खुणा फुकट मिळतात.

अक्कलकोटरोड: टोयोटाची उत्पादन पद्धत बसवणाऱ्या ताइची ओनोंचं पुस्तक कुणीच नाही सांगितलं? मूळ जपानी १९७८ चं, इंग्रजी १९८८ मध्ये आलं. छोटंसं आहे. काही बिघडलं की मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का' विचारा, असं त्यात आहे. आमच्या मुकादमाला तिसऱ्या 'का'ला राग येतो, तिथंच थांबतो मी.

सातरस्ता_७: 😂😂 मुकादमाचं बरोबर आहे.

चटणीप्रेमी: परदेशीच का सगळे? वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात जन्मले, १८८२ साली. जहाज, विमान, मोटार, सगळ्यात हात घातला त्यांनी. त्यांचं चरित्र यादीत टाका राव.

पार्कचौककर: टाकलं. पुतण्या विचारतोय परीक्षेला येईल का 🤦

चटणीप्रेमी: येणार नाही. बरं, पुण्याला कुणी जातंय का या आठवड्यात? मुलीला शेंगा चटणी आणि कडक भाकरी पाठवायचीय.

सातरस्ता_७: मी जातोय शनिवारी. वजन किती?