एएफपी (यकृताच्या कॅन्सरची रक्तातली खूण) नॉर्मल आहे, तरी यकृताची गाठ परत येऊ शकते का?

बाबांच्या यकृतातली साडेचार सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ मार्चमध्ये काढली. हेपॅटायटिस बी जुना आहे. एएफपी ऑपरेशनआधी ६ होतं, आता ५. पण बायॉप्सीच्या रिपोर्टात सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गाठीच्या पेशींचा शिरकाव लिहिलाय. तेव्हापासून माझी झोप उडालीय. एएफपीवर विसंबू का?

उत्तर १
ताई, मी पॅथॉलॉजीत काम करते. आधीही ६च होतं, म्हणजे ही गाठ एएफपी बनवतच नव्हती. मग आताच्या ५ वरून काय कळणार? डॉक्टरांना पिव्का-२ या दुसऱ्या रक्ततपासणीबद्दल विचारा. काही गाठींत एएफपी गप्प असतं, पण हे वाढतं. बाबा वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) घेत असतील तर आधी सांगा, त्यानंही पिव्का वाढतं. शिरकावाची नोंद मात्र हलकी घेऊ नका.

उत्तर २
आईच्या वेळी आम्हीही आकड्यांकडेच बघत बसायचो. तिची दुसरी गाठ एमआरआयमध्ये दिसली, रक्तात काहीच नव्हतं. स्कॅनची तारीख चुकवू नका. हेपॅटायटिस बीची गोळीही स्वतःहून बंद करू नका.

प्रश्नकर्ती
वॉरफरिन नाही. आणि रक्तातल्या ट्यूमर डीएनएची (गाठीतून रक्तात आलेल्या डीएनएची) तपासणी?

उत्तर १
ऑपरेशननंतर ती पॉझिटिव्ह आली तर धोका जास्त. पण निगेटिव्ह आली म्हणून स्कॅन टाळता येत नाही. पैसे मोजके असतील तर आधी स्कॅन.