कन्हानचा जुना दगडी पूल ठेवायचा की पाडायचा?

कामठीकर
नागपूरजवळ आमच्या कामठीला कन्हान नदीवर नवा पूल झाला आणि बाजूच्या इंग्रजांच्या काळच्या दगडी पुलाकडे कुणी मान वळवून पाहत नाही. "पाडून टाका, काय कामाचा तो", असं परवा आमच्या घरातच ऐकलं. मला ते लागलं.

१८२१ मध्ये कामठीला छावणी बसली. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी ठरली आणि सागर-नर्मदेकडचा मुलूखही तिच्याखाली आला. तेव्हापासून जबलपूरचा रस्ता म्हणजे प्रांताचा कणा, अन् त्याला आडवी ही नदी. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरात पोचली. पण सिवनीकडचा माल स्टेशनापर्यंत यायचा तो बैलगाडीनंच. पूल नसता तर पावसाळ्यात तो पलतीरालाच पडून राहिला असता. रामटेकच्या त्रिपुरी पौर्णिमेला माझे आजोबा छकड्यातून याच पुलावरून जायचे. गाड्या बंद ठेवा, पण पायी फिरायला आणि सायकलींना तो उघडा ठेवा, एवढंच मागणं आहे.

रेतीघाट
भाऊ, आजोबांच्या आठवणीचा मान आहे, पण महाड विसरू नका. सावित्रीचा पूलही दगडी कमानींचाच होता, १९२८ चा. शेजारी नवा पूल होता, तरी जुना वाहता ठेवला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसट्या पुरात गेल्या. जुनं दिसायला मजबूत असते, खाली काय चालू आहे ते कोणाला दिसते?

कामठीकर
सावित्रीवर एसट्या धावत होत्या. मी माणसांपुरतंच म्हणतोय. कमानीत दगड एकमेकांना दाबून धरतात, चालणाऱ्या माणसांचं वजन तिला जाणवतही नाही.

रेतीघाट
कुंडमळ्याला १५ जून २०२५ ला माणसंच होती नं पुलावर? इंद्रायणीवरचा तो लोखंडी पूल गर्दीनं कोसळला, चार जण गेले. रविवारी सेल्फीसाठी शे-दोनशे पोरं चढली तर कोण उतरवणार त्यांना?

आणि कमान खांबांवर उभी असते, खांब पायावर. कन्हानची रेती अख्ख्या नागपूरच्या बांधकामाला जाते. रात्री-बेरात्री उपसा होते हे कामठीतल्या लहान पोरालाही माहीत आहे. पात्र खोल गेलं की पाया उघडा पडते. मग वरचे दगड कितीही घट्ट असोत. ऑगस्ट २०२० मध्ये कन्हानला मिळणाऱ्या पेंच नदीच्या धरणांची दारं उघडली तेव्हा कन्हानचं पाणी मी काठावरून पाहिलं आहे. तसं पाणी पुन्हा आलं आणि पायाखालची रेती नसली, तर तो पूल पडूनच नव्या पुलाच्या पाण्याला आडवा येईल.

इतवारीची
दादा, रेतीउपसा हे पूल पाडायचं कारण कसं होईल? उपसा थांबवायचं कारण आहे ते! आज जुन्याचा पाया उघडा पडला तर उद्या नव्याचाही पडेल. चोर सोडून घर पाडायचं, हे मला पटत नाही.

रेतीघाट
हे मात्र मान्य ताई. पण उपसा थांबेपर्यंत वर कोणाला जाऊ द्यायचं नाही, हेही तुम्ही माना.

धंतोली
मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, दगडी पुलांची कामं केली आहेत. असे पूल बहुधा चुन्यात बांधलेले असतात. त्यांचे सांधे सिमेंटनं भरले की पाणी आत कोंडतं आणि दगड फुटतात, म्हणून डागडुजी चुन्याचीच हवी. कमानींच्या भेगांत पिंपळ रुजू देऊ नये. पिंपळही पूल पाडतोच, फक्त सावकाश. पाडणंही सोपं नाही. एक कमान काढली की शेजारचीचा आधार जातो, आणि नवा पूल अगदी बाजूला आहे.

कामठीकर
रेतीघाट भाऊ, कुंडमळ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पायाची तपासणी होईपर्यंत पायी जाणंही बंद ठेवायचं, हे मी मानतो. पाडायला मात्र माझा विरोध कायम. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खांबांचा पायथा बघता येतो. तेव्हा मोजमाप होऊ द्या, आणि आकडे कामठी-कन्हानच्या लोकांसमोर ठेवा.

रेतीघाट
मोजायला येतील तेव्हा मला बोलवा. कुठून किती रेती गेली ते मी दाखवतो.