मदत हवी आहे: फ्लॅटला तीन ऑफर आल्यात, कोणाला काय कळवू?

कोथरूडमधला टू बीएचके रीसेलला काढलाय. अपेक्षा 90 लाख, रेडीरेकनरने (सरकारी दराने) 82 होतात, गृहकर्जाचे 14 लाख बाकी.

क – 88 लाख. कर्ज "होऊन जाईल", अजून अर्ज केलेला नाही.
ख – 84 लाख. सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) हातात, 45 दिवसांत व्यवहार पूर्ण.
ग – 86 लाख, त्यातले 12 रोख.

एजंट म्हणतो, ग कडून टोकन घेऊन टाका. जाणकारांनी कृपया सांगा.

इंडेक्स_टू:
ग आधी बाद. जागेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेतली तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो, तोही घेणाऱ्याला. शिवाय कागदावर राहतात 74 लाख. रेडीरेकनर कागदावरच्या किमतीच्या 110 टक्क्यांत बसला तर आयकरवाले काही म्हणत नाहीत. 74 चे होतात 81.4, तुमचे आहेत 82. म्हणजे भांडवली नफा 82 धरूनच मोजणार, स्टॅम्प ड्यूटीही 82 वरच. "पूर्ण 86 बँकेतून देणार असाल तर बोलू" एवढंच कळवा. एजंटला घाई का, हा वेगळा विषय.

क चा आकडा मोठा आहे, पण खिसा तपासा. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 70.4. उरलेले 17.6, पुण्यातली 7 टक्के स्टॅम्प ड्यूटी 6.16 आणि नोंदणी फी 30,000 धरून त्याला स्वतःचे 24 लाख लागतील. आणि बँक स्वतःचं मूल्यांकन आणि करारातली किंमत यातली कमी रक्कम धरते. व्हॅल्युअरने 80 काढले तर कर्ज 64 वर येतं, आणखी 6.4 लाख त्यानेच उभे करायचे. इथेच 88 वाला 83 वर घसरतो, तेही तुम्ही बाकीच्यांना परत पाठवल्यावर.

सातबारा_वाचक:
+1. ख ला लगेच हो म्हणू नका, 86.5 सांगा. क आणि ख दोघांना एकच मुदत द्या: रविवार संध्याकाळपर्यंत शेवटचा आकडा, टोकन किती, कर्ज कुठवर आलं, किती दिवस, सगळं लेखी. एकाचा आकडा दुसऱ्याला सांगायचा नाही, खोटा आकडा तर अजिबात नाही.

सँक्शन लेटरवर भाळू नका. ते बहुतेक वेळा फक्त पगार बघून दिलेलं असतं. कागदांची (लीगल) आणि जागेची (टेक्निकल) तपासणी नंतर होते. आधीच्या खरेदीखतांची साखळी तुटलेली असेल, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नसेल किंवा बाल्कनी बंद करून खोली वाढवली असेल, तर तिथे अडतं. हे कागद आजच काढून ठेवा.

खरी चूक साठेखताला (विक्रीच्या कराराला) होते. नुसत्या टोकनवर ते नोंदवलं आणि कर्ज फिसकटलं, तर रद्द करायला समोरच्याची सही आणि पुन्हा नोंदणी लागते. तो सही देईना, तर फ्लॅट अडकला. म्हणून खरेदीदाराचा कर्जाशिवायचा हिस्सा पूर्ण तुमच्या खात्यात जमा झाल्यावरच नोंदणीला जा. चेक दिला म्हणजे पैसे आले असं नाही.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. ख ने 86 केले, टोकन 1 लाख. माझ्या 14 लाखांचं काय करू?

सातबारा_वाचक:
86 ला घ्या. त्याचा हिस्सा किमान 17.2 लाख येतो, त्यातूनच तुमचं कर्ज फेडता येईल. तुमच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती भरायचे त्याचं पत्र) आणि मूळ कागदांची यादी मागवा, त्याची बँक ती मागणारच. फेडीनंतर मूळ कागद 30 दिवसांत मिळायला हवेत. हे दिवस त्याच्या 45 मध्ये धरलेत का, ते विचारा.

टोकन पावतीत लिहा: कर्ज नाकारलं तर टोकन किती दिवसांत परत, फर्निचर कोणतं राहणार, सोसायटीची थकबाकी कोणाची. 86 वर 1 टक्का टीडीएस तो कापेल, म्हणजे हातात 86,000 कमी. ते 26एएसमध्ये (तुमच्या नावे जमा कराच्या आयकर विवरणात) दिसतात का बघा. किल्ली शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच, "फक्त रंगकाम करून घेतो" म्हटलं तरी.