[मंडळ-चर्चा] ठाण्यातल्या बॉक्सपलंगाला बाळाचा साईड-कॉट लावता येतो का?

प्रेषक: पाचपाखाडीतली माहेरवाशीण (एरवी इंग्लंडमधलं स्लाउ)

नमस्कार मंडळी,

लेक आता दोन महिन्यांची होईल. दिवाळीपर्यंत आम्ही दोघी ठाण्याला, पाचपाखाडीत आईकडे आहोत. स्लाउच्या घरी पलंगाला जोडायचा साईड-कॉट आहे. त्याची एक बाजू खाली करता येते आणि रात्री बाळ हाताच्या अंतरावर राहतं. सिझेरियननंतर मला त्याचा फार आधार वाटला. इथेही तसाच घ्यायचं मनात आहे, पण अडचण पलंगाची आहे. आईचा बॉक्सपलंग आहे, खाली गाद्या-पांघरुणं ठेवायचा, फळ्या थेट फरशीला टेकलेल्या. त्यामुळे कॉटचे पाय पलंगाखाली जातच नाहीत. शिवाय कडेची लाकडी पट्टी गादीपेक्षा इंचभर वर आलेली आहे. खोली दहा बाय अकरा, त्यात एक भिंत कपाटानं व्यापलेली.

आई म्हणते, घरात पाळणा आहे, दिवसा त्यात झोपेल आणि रात्री आपल्या दोघींच्या मध्ये. मोहरीची उशीही तिनं शिवून ठेवली आहे. तिचं मन मोडवत नाही, पण मला हे पटतही नाही. दुसरं म्हणजे, तिकडे बाळाची खोली १६ ते २० अंश ठेवायला सांगतात. इथे घरातला थर्मामीटर २९ च्या खाली उतरत नाही. पंखा, एसी, पांघरूण यांचं काय करायचं?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत लहान बाळ घेऊन राहिलेल्यांनी कृपया सांगा.

---

प्रेषक: नेरूळच्या काकू

अगं, आधी तुझं आणि लेकीचं अभिनंदन.

ब्रिटनमध्ये मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली आणि आता वर्षातला निम्मा काळ मी नेरूळला असते, म्हणून सविस्तर लिहिते.

दुकानात जाण्याआधी टेप घेऊन पलंग मोज. फरशीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची घे, तीही तू गादीवर बसलेली असताना, कारण कापसाची गादी दबते. मग ती लाकडी पट्टी गादीच्या किती वर येते ते मोज. आणि कॉट बांधायचा पट्टा कुठून न्यायचा ते ठरव. साईड-कॉटचा पट्टा पलंगाच्या पलीकडच्या कडेपर्यंत जाऊन तिथे अडकावा लागतो. बॉक्सपलंगात तो गादीखालून, प्लायवूडच्या फळीवरून नेता येतो. पण सामान काढायला फळी उचलली की पट्टा सैल होतो, आणि घरात ती फळी कोण कधी उचलेल याचा नेम नसतो.

माझी सगळी काळजी त्या सांध्याची आहे. पलंग आणि कॉट यांच्यात फट राहिली, तर बाळ सरकत सरकत तिथे अडकू शकतं, आणि दोन महिन्यांच्या बाळाला गादीत रुतलेलं तोंड स्वतः बाजूला करता येत नाही. आपल्याकडे अशी फट दिसली की लगेच कोणी गोधडी दुमडून, नाहीतर लोड घालून ती बुजवतं. तसं अजिबात करू देऊ नकोस. मऊ कापड दबतं आणि त्याखाली फट तशीच राहते, वर बाळाच्या नाकाशी कापडाचा ढीग तयार होतो.

तू लिहिलं आहेस तसा पलंग असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की कॉट जोडूच नकोस. चारही बाजू वर केलेला, स्वतःच्या पायांवर पक्का उभा राहणारा छोटा कॉट घे आणि पलंगाला लागून ठेव. बाळ तुझ्याच खोलीत, तुझ्याच शेजारी, पण स्वतःच्या सपाट जागेवर. पहिले सहा महिने तरी बाळानं आईच्या खोलीत, पण वेगळ्या बिछान्यावर झोपावं, असं ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही सांगतात. कॉट जोडलेला असलाच पाहिजे, असं कोणी सांगत नाही. तुला रात्री कड ओलांडून हात न्यावा लागेल, म्हणून टाक्यांवर ताण न येता हात पोचेल इतक्याच उंचीच्या कडेचा कॉट निवड.

तरीही जोडायचाच ठरलं, तर जुन्या मॉडेलच्या नादी लागू नकोस. युरोपात या कॉटसाठी २०१९ चं ईएन ११३० हे मानक आहे. त्यात पलंगाकडची बाजू खाली केली तरी तिथे १२० मिलिमीटर उंचीची कड राहावी लागते. त्याआधीच्या कित्येक कॉटमध्ये ती बाजू पूर्ण सपाट व्हायची. अमेरिकेत बेडसाईड स्लीपरसाठी, म्हणजे अशाच जोडायच्या कॉटसाठी, एएसटीएम एफ२९०६ हे मानक आहे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात यांपैकी काही छापलेलं आहे का ते बघ. नुसतं "आंतरराष्ट्रीय दर्जा" लिहिलं असेल तर ते धरू नकोस.

गादी कडक हवी आणि कॉटसोबत आलेलीच हवी. गादी आणि कॉटची बाजू यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. गजांचा कॉट असेल तर दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. थंड पेयाचा साधा डबा गजांमधून आत गेला, तर तो कॉट घेऊ नकोस. ओळखीच्या सुताराकडून करून घेणार असलीस तरी हेच माप त्याला लिहून दे, आणि पॉलिशचा वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाला त्यात ठेवू नकोस.

गरमीचं आणि आईच्या उशीचं उद्या लिहिते, आज डोळे दमले.

---

प्रेषक: खारघरकर (पूर्वी लेस्टर)

नमस्कार. काकूंच्या मेलला थोडी पुस्ती जोडतो.

तुम्हाला हा कॉट जेमतेम दिवाळीपर्यंत लागणार आहे. आमच्या वेळी आम्ही घडीचा ट्रॅव्हल-कॉट वापरला. तो फरशीवर उभा राहतो, पलंग कसाही असला तरी फरक पडत नाही, आणि दहा बाय अकराच्या खोलीत दिवसा मिटून दाराआड जातो. त्याची गादी पातळ आणि टणक असते. ती बघून घरातले सगळे म्हणतील की बाळाला टोचत असेल, वर कापसाची गादी घाला. घालू देऊ नका. दुसरी गादी कडेला नीट बसत नाही आणि जाळीची बाजू तिच्यापुढे ढिली पडते, म्हणजे काकूंनी सांगितलेली तीच फट पुन्हा तयार होते. बाळ बसायला, उभं राहायला लागलं की त्या वाढलेल्या उंचीवरून पडण्याचीही भीती असते.

भाड्यानं किंवा ओळखीतून घेणार असाल, तर उघडून, चारही बाजू वर करून, खटके नीट बसतात का ते दाबून बघा. मधलीच एखादी बाजू खचत असेल तर तो परत करा. स्क्रू कमी असतील आणि कोणी "चालतंय" म्हणत असेल तर घेऊ नका.

डास. पावसाळ्यात खाडीच्या या बाजूला काय आणि त्या बाजूला काय, डेंग्यू-मलेरियाची धास्ती असतेच. खिडक्यांना घट्ट जाळी हा सगळ्यात चांगला उपाय. कॉटवर मच्छरदाणी लावायची तर ताणून बसणारी हवी. सैल लोंबणारी जाळी बाळाच्या हाताला लागते आणि अंगावर ओढली जाते. उदबत्तीसारखी जळणारी कॉइल बंद खोलीत बाळाजवळ नको. अंगाला लावायची डासांची मलमं दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावत नाहीत, त्यानंतरही डॉक्टरांना विचारूनच.

---

प्रेषक: नेरूळच्या काकू

खारघरकरांनी ट्रॅव्हल-कॉट सुचवला, तो तुझ्यासाठी मला माझ्या सल्ल्यापेक्षाही बरा वाटतो. फक्त त्याचा तळ बराच खाली असतो आणि टाके ताजे असताना वाकून बाळ उचलणं जड जातं. वरच्या पातळीवर अडकवायचा वेगळा तळ असलेला मिळाला तर तोच घे. नाहीतर काही आठवडे रात्री उचलून द्यायचं काम आईला सांग. आजीला ते आवडेलही.

आता गरमी. १६ ते २० अंश हा तिकडच्या घरांचा हिशेब आहे, ठाण्यात तो आकडा गाठायच्या मागे लागू नकोस. बाळाला फार गरम होऊ द्यायचं नाही, एवढाच त्यामागचा हेतू. तिच्या मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून बघ. घाम किंवा चटका लागला तर एक कपडा कमी कर. हातपाय गार लागतातच, त्यावरून ठरवू नकोस. पंखा चालू, अंगात एक सुती झबलं आणि लंगोट, एवढ्यावर बहुतेक रात्री भागतं. झोपताना टोपडं नको, बाळं डोक्यातून उष्णता बाहेर टाकतात. एसी लावलास तर झोत कॉटवर येऊ देऊ नकोस आणि पांघरुणाऐवजी पातळ स्लीपिंग बॅग वापर, स्लाउची अडीच टॉगवाली नव्हे, अर्ध्या टॉगची (टॉग म्हणजे उबदारपणाचं माप). दुपट्यात गुंडाळत असशील, तर ती कूस बदलायची लक्षणं दिसली की त्या दिवसापासून ते बंद.

आईशी बोलणं हा यातला सगळ्यात नाजूक भाग. तिला नुसतं "हल्ली असं करत नाहीत" म्हणू नकोस, कारण सांग. तिला बहुधा वाटत असेल की पाठीवर झोपवलं तर ओकारी घशात जाईल. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे बाहेर आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला वर चढावं लागेल. पोटावर झोपवलं की उलट होतं. ब्रिटनमध्ये १९९१ साली बाळांना पाठीवर झोपवायची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहूनही खूप खाली आली. त्या आधीचा काळ मी वॉर्डात पाहिला आहे. म्हणूनच मी या बाबतीत कोणाचंही मन राखत नाही.

मोहरीच्या उशीनं डोकं गोल होतं अशी आपल्याकडे समजूत आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला उशीच नको, मग ती मोहरीची असो की कापसाची. डोक्याच्या आकाराची काळजी असेल तर जागेपणी, कोणीतरी समोर बसलेलं असताना, तिला पोटावर ठेव, आणि कॉटमध्ये एक दिवस डोकं खिडकीकडे, एक दिवस दाराकडे कर, म्हणजे ती दोन्ही बाजूंना मान वळवेल. हे काम आईकडे दे. उशी शिवणारे हात रिकामे राहिले की त्यांना वाईट वाटतं.

पाळणा असू दे. बारशाचा पाळणा, त्यात दिवसा जागं असताना थोडं झुलवणं, ओव्या म्हणणं, हे सगळं तिच्या वाट्याचं आहे. पण कापडाच्या झोळीत बाळ वाकून पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्यामुळे झोळीत झोप लागली की उचलून सपाट जागी. कललेल्या खुर्चीचं आणि कारसीटचंही तसंच. अमेरिकेनं २०२२ साली कायदाच केला आणि दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेले झोपायचे साहित्य आणि कॉटचे बंपर (आतल्या बाजूंना बांधायच्या मऊ पट्ट्या), दोन्ही विकायला बंदी घातली. इथल्या दुकानांत बंपरचे सुंदर संच मिळतात, बारशाला कोणीतरी आणेलच. प्रेमानं घे आणि कपाटात ठेव. गळ्यातला काळा दोरा आणि मनगटातले मणी झोपताना काढायचे.

दोघींच्या मध्ये झोपवण्याला माझा नकार आहे. आईचं वय, गाढ झोप, मऊ गादी, उशा, चादरी, या सगळ्यांत ती फार लहान आहे. रात्री दूध पाजताना डुलकी येणार असं वाटलं, तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत मात्र बसू नकोस. सोफ्यावर बाळासह झोप लागणं पलंगापेक्षाही धोक्याचं. पलंगावरच, उशा-पांघरुणं दूर सारून पाज आणि जाग आली की लगेच कॉटमध्ये ठेव.

---

प्रेषक: पाचपाखाडीतली माहेरवाशीण

काकू, खारघरकर, मनापासून आभार.

पलंग मोजला. मी बसले की गादी पट्टीच्या आणखी खाली जाते, म्हणजे जोडायचा प्रश्नच मिटला. नौपाड्यातल्या मावसबहिणीकडे ट्रॅव्हल-कॉट आहे, वरच्या पातळीचा तळही आहे. आज संध्याकाळी बाबा जाऊन खटके तपासून आणतील. श्वासनलिकेचं आईला सांगितलं. तिनं कागदावर चित्र काढायला लावलं, दोनदा विचारलं आणि मग उशी स्वतःच उचलून ठेवली. दुपारचं पोटावर ठेवायचं काम तिनं घेतलं आहे.

---

प्रेषक: नेरूळच्या काकू

छान झालं. एकच राहिलं. वरच्या पातळीचा तळ किती वजनापर्यंत चालतो ते कॉटवर लिहिलेलं असतं, ते बघून ठेव. वजन त्याच्या आत असलं, तरी ती हातांवर आणि गुडघ्यांवर उठायचा प्रयत्न करायला लागली की तळ खाली घे. साधारण पाचव्या महिन्यात हे होतं, म्हणजे तुझ्या परतीच्या आसपास. तेव्हा स्लाउचा साईड-कॉटही तिला पुरणार नाही. तिकडे मोठ्या कॉटची ऑर्डर जावयांना आताच द्यायला सांग, तू पोचशील त्या रात्री तो जोडून तयार हवा.