डिझेल व्हॅनचं इंजिन ऑइल स्वतः बदलायचंय, कुठलं टाकू?

भांडुपचा_केटरर
मंडळी, आमच्या केटरिंगची डिझेल व्हॅन आहे, २०१३ ची, बीएस४, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) वगैरे काही नाही. आजवर गॅरेजलाच द्यायचो पण तिथे ड्रममधून मापाने काढून ओततात आणि ग्रेड विचारली की "डिझेलचंच आहे साहेब, बिनधास्त राहा" यापुढे कोणी काही बोलत नाही, म्हणून यावेळी स्वतःच करायचं ठरवलंय. पुस्तकात १५डब्ल्यू-४०, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची ग्रेड) सीएच-४ किंवा त्यावरचं असं लिहिलंय. दुकानदार म्हणतो फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० न्या, अ‍ॅव्हरेज वाढेल. शेजाऱ्याची बीएस६ आहे, तो म्हणतो मी लो अ‍ॅश (कमी राखेचं ऑइल) टाकतो, तूही तेच टाक. गाडी दिवसभर भांडुप, घाटकोपर, दादर अशी फिरते, निम्मा वेळ ट्रॅफिकमध्ये आणि मागे पातेल्यांचं वजन. नक्की कुठलं घेऊ?

शिवडी_मेकॅनिक
दादा पुस्तकात आहे तेच, १५डब्ल्यू-४०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टसाठी असतो. १५डब्ल्यूची टेस्टच उणे २० डिग्रीला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, आणि मुंबईचा नीचांक आहे ७.४ आणि तोही १९६२ सालचा, मग त्या ५ साठी इथे जास्तीचे पैसे कशाला मोजायचे. नंतरचा आकडा मात्र आपल्या कामाचा, तो १०० डिग्रीला तापलेल्या ऑइलचा जाडपणा सांगतो, ४० म्हणजे साडेबारा ते १६.३ सेंटिस्टोक, ३० म्हणजे ९.३ ते साडेबारा. तुमचं इंजिन ४० धरून बनवलंय, वर लोड आणि मे महिन्यातलं ट्रॅफिक, त्यात ३० टाकलं तर बेअरिंगवरचा थर पातळ होणार. दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका.

आता खरं बघायचं ते कॅनच्या मागे. लोक ब्रँडवरून भांडतात, कॅस्ट्रॉल की सर्वो की शेल, आणि मागची बारीक अक्षरं कोणी वाचतच नाही. एपीआयमध्ये एस ने सुरू होणारं पेट्रोलसाठी, सी ने सुरू होणारं डिझेलसाठी. बऱ्याच गाड्यांच्या कॅनवर एसएन/सीएफ असतं, गिऱ्हाईक सी बघतं आणि डिझेलचं समजून घेऊन जातं, पण सीएफ १९९४ चं जुनं स्पेसिफिकेशन, कॉमन रेल टर्बो डिझेलसाठी ते नाहीच. सीएच-४ १९९८ चं, सीआय-४ २००२ चं, आणि सीएच-४ मागितलंय तिथे सीआय-४ बिनधास्त चालतं, उलट काजळी जास्त चांगली सांभाळतं. तुम्ही सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस, १५डब्ल्यू-४० घ्या, चांगल्या कंपनीचं मिनरल असलं तरी चालेल, फक्त बदली वेळेवर करा.

ठाणे_बीएस६
वरच्या दादांशी सहमत, फक्त शेजाऱ्याच्या गाडीबद्दल लिहितो कारण इथे बरेच जण गल्लत करतात. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी रीजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर आपोआप तापवला जातो तेव्हा, जळून जाते पण ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची राख जळत नाही, ती तिथेच साठत जाते आणि फिल्टर चोक होतो, आणि नवीन डीपीएफची किंमत ऐकलीत तर झोप उडेल. म्हणून बीएस६ ला लो अ‍ॅश लागतं, एसीइए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) च्या सी३ ग्रेडमध्ये सल्फेटेड अ‍ॅश ०.८ टक्क्यांपर्यंतच असते. तेव्हा शेजारी स्वतःच्या गाडीपुरता बरोबर आहे, तुमच्या गाडीत डीपीएफच नाही तर त्याचा उपयोग शून्य. उलटं मात्र कधीच करू नका, तुमचं उरलेलं सीआय-४ त्याच्या गाडीत टॉपअपला जाऊ देऊ नका.

दुकानात सीआय-४ नंतरची नवी ग्रेड सीके-४, १५डब्ल्यू-४० मिळालं तर तेही तुमच्या गाडीला चालतं. जुने लोक म्हणतात त्यात बेस नंबर (अ‍ॅसिड मारायची ताकद) कमी, आपल्या डिझेलला झेपणार नाही, पण एप्रिल २०२० पासून पंपावरचं डिझेल १० पीपीएम सल्फरचं आहे, पूर्वीसारखं अ‍ॅसिड तयार होत नाही.

भांडुपचा_केटरर
खूप आभार, डोक्यातला गुंता सुटला. सीआय-४ प्लसच घेतो. ओरिजिनल कुठे मिळेल? आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये करताना काय सांभाळू?

कुर्ला_स्पेअर्स
ऑइल पेट्रोल पंपावरून किंवा कंपनीच्या अधिकृत डीलरकडून घ्या, बिलासकट. सील बघा, बॅच नंबर आणि तारीख खरवडलेली नाही ना बघा. आणि काम झालं की रिकाम्या कॅनला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडा, ही एक गोष्ट कृपा करून सगळ्यांनी करा, कारण चांगल्या लेबलचे रिकामे कॅन भंगारातून विकत घेऊन त्यात नकली माल भरणारे आहेत आणि तोच कॅन उद्या दुसऱ्या कोणाच्या इंजिनात जातो.

गाडी सपाट जागेवर, नुसत्या जॅकवर कधीच खाली जाऊ नका, घोडी (जॅक स्टँड) लावा आणि मागच्या चाकांना दगड. एक चक्कर मारून ऑइल कोमट झालं की ड्रेन बोल्ट खोला, पूर्ण तापलेलं असेल तर हात भाजेल. शेवटचे दोनचार आटे हाताने सोडवताना बोल्ट वर दाबून धरा आणि झटक्यात बाजूला घ्या, नाहीतर सगळी धार मनगटावर येते. तांब्याचा वायसर नवीनच टाका, पाचदहा रुपयांसाठी चेंबर गळत ठेवू नका. ऑइल फिल्टर काढला की जुना रबर रिंग इंजिनच्या तोंडाला चिकटून राहिलाय का ते बोट फिरवून बघा, त्यावर नवीन फिल्टर बसला तर प्रेशर आलं की सगळं ऑइल बाहेर. नवीन रिंगला ऑइलचं बोट लावा, हाताने आवळा, पाना नको.

पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं कमी ओता, सुरू करून प्रेशरचा दिवा विझू दे, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा मग वरचं भरा. दोनतीन दिवसात काळं दिसेल, घाबरू नका, डिझेलची काजळी आहे. पण पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर डिपस्टिकवर चहासारखं दुधी दिसलं तर गाडी सुरूच करू नका.

शिवडी_मेकॅनिक
आणि जुनं ऑइल गटारात अजिबात नको, ते पुढे मिठी नदीत नाहीतर खाडीत जातं. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे, नोंदणी असलेल्या रीसायकलरकडेच जायला हवा. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, फिल्टर पालथा ठेवून पूर्ण निथळून, ज्या मोठ्या सर्व्हिस सेंटरकडून रीसायकलर उचल करतो तिथे द्या. आधी फोन करून विचारा, घेतात.