अंदमानात एकांतातलं छोटं डाइव्ह रिसॉर्ट: पाच रात्री झेपतील का?

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. जानेवारीत हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जायचं चाललंय. जेट्टीपासून लांब, अगदी किनाऱ्यावर आठ खोल्यांचं एक डाइव्ह रिसॉर्ट बघून ठेवलंय. मला ओपन वॉटर कोर्स, म्हणजे पाठीला सिलिंडर लावून समुद्रात उतरायचा पहिला कोर्स, करायचाय. वय ४३, पोहणं कोल्हापूरच्या अंबाई टँकला शिकलेलं आणि अजून सुटलेलं नाही. आमचे हे मात्र पाण्याला पाय लावत नाहीत. "तू समुद्रात, मग मी काय नारळ मोजू?" असं त्यांचं म्हणणं. फोटोत तर पाणी पार पायरीपर्यंत आलेलं दिसतंय. खरंच तसं असतं का? आणि शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह करून संध्याकाळचं विमान धरता येईल का?

घाटावरचा

ताई, दोनदा जाऊन आलोय. फोटो भरतीचा असतो, हे पहिलं लक्षात घ्या. गोविंदनगर-विजयनगरचा तो पूर्वेकडचा किनारा उथळ आहे. ओहोटी लागली की पाणी लांब सरकतं आणि मागं खडक अन् मेलेल्या प्रवाळाचे तुकडे उरतात. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा बायकोनं बॅग खाली ठेवायच्या आधी विचारलं, "समुद्र कुठाय?" मनासारखं डुंबायला पश्चिमेच्या राधानगर बीचवर जावं लागतं. (आमच्या आईला हे नाव ऐकून वाटलं, एवढे पैसे घालून आपल्या राधानगरीच्या धरणावर चाललेत.)

विमानाचं विचारलंत ते बरं केलंत. त्याच दिवशी अजिबात नाही. बऱ्याच डाइव्ह झाल्या असतील तर विमानाआधी निदान १८ तास पाण्याबाहेर राहायचं. आम्हाला २४ सांगितले होते. अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडू द्यायचा असतो. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) काढा, तसंही फेरी बोटीचा भरवसा नसतो.

आता कोर्सचं. २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं तुम्हाला किरकोळ आहे. खरी अडचण आपल्यासारख्या पोहणाऱ्यांची वेगळीच. पंचगंगेच्या घाटावर आम्ही लहानपणापासून एकच विद्या शिकलो: दम धरायचा. बुडी मारून कोण जास्त वेळ टिकतो यावर पैजा लागायच्या. तिथं पहिल्याच तासाला आमची इन्स्ट्रक्टर, पंचविशीतली पोरगी, म्हणाली, "काका, श्वास कधीच रोखायचा नाही." खाली १० मीटरवर दाब दुप्पट असतो आणि सिलिंडरमधली हवा त्याच दाबानं छातीत येते. तिथं छाती भरून दम धरलात आणि तसेच वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुफ्फुस फाटू शकतं. आमचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, कॉम्प्रेसर आणि गेज रोजचे, त्यामुळं डोक्यात लगेच शिरलं. (सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो बरं का, साधी हवाच, २०० बारच्या आसपास दाबून भरलेली.) अंगात शिरायला मात्र दोन दिवस गेले. जरा घाबरलो की दम आपोआप धरला जायचा आणि ती माझ्या मास्कपुढं बोट नाचवायची.

दुसरं म्हणजे कान. गगनबावड्याचा घाट उतरताना दडे बसतात ना? अख्खा घाट उतरून जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात मीटरभर जायच्या आतच वाढतो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची, दुखायच्या आधी, सारखी सारखी. मला तिसऱ्या दिवशी सर्दी झाली, कान सुटेना. गोळी घेऊन उतरतो म्हटलं तर पोरगी ठाम नाही म्हणाली. गोळीचा असर खाली असताना उतरला तर वर येताना हवा अडकते. दिवस वाया गेला, मी दोन शब्द जास्तही बोललो. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. तेव्हा पाच रात्रींत एक दिवस मोकळा ठेवाच.

रात्रीचं म्हणाल तर घड्याळ आपलंच, पण सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी मावळतो. साडेपाचला दिवेलागण, आठला शुकशुकाट. पहिल्या रात्री म्हटलं काय निवांत आहे! तिसऱ्या रात्री भिंतीवरच्या पाली मोजल्या.

वैनी_शाहूपुरी

आमच्याकडं डाइव्ह हे करतात, मी काठावर. तुमच्या यजमानांची काळजी करू नका. बोट सकाळी लवकर जाते आणि दुपारपर्यंत परत येते, तेवढाच वेळ काढायचा असतो. मी स्कूटी घेऊन कालापथर बीचला जायचे, नाहीतर बाजारात बसायचे. तिथली वस्ती बरीचशी बंगाली, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेली. मासळी बघताना गप्पा मस्त होतात. मासे ताजे, पण आमटी आपल्या जिभेला गोडसर लागते. कांदा-लसूण चटणीची पुडी न्या, दुसऱ्या दिवशी सगळं टेबल मागतंय बघा.

संध्याकाळी वाळूत बारीक माशा चावतात, दिसतही नाहीत. खाज आठवडाभर. पायाला खोबरेल चोपडून बसायचं. आणि शिंपले, प्रवाळ उचलून पिशवीत टाकू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर बॅग उघडायला लावतात.

तालमीतला_पैलवान

एवढं लांब कशाला राव? तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा केंद्र आहे, सकाळी निघालं की जेवायला मालवणात. निम्म्या पैशात काम.

घाटावरचा

भावा, खरंय, पहिली बुडी मीही तिथंच मारली. पाणी कसं आहे ते कळायला उत्तम. पण बऱ्याच डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढू नको. ६०० मीटरच्या वर जाणं विमानासारखंच धरतात, आणि आंबोली ६९० मीटरवर आहे. रात्री सोलकढी पी, झोप, दुसऱ्या दिवशी दुपारी निघ.

राजारामपुरीकर

सगळ्यांचे आभार. मुक्काम सहा रात्रींचा केला, शेवटची पोर्ट ब्लेअरला. हे म्हणाले, स्कूटी असेल तर येतो. एक राहिलं: लहानपणी माझ्या उजव्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय. ते कोर्सच्या आधी भरायच्या तब्येतीच्या फॉर्मवर लिहावं लागतं का?

घाटावरचा

लिहावंच लागतं ताई, आणि तिथं "हो" आलं की डॉक्टरची सही असल्याशिवाय पाण्यात घेत नाहीत. बेटावर कानाचा डॉक्टर शोधत फिरू नका. फॉर्म आधीच ईमेलवर मागवून घ्या आणि इथंच कान-नाक-घसावाल्यांना दाखवा. तिकिटं त्यानंतर काढा.