मदत हवी आहे: स्नो ब्लोअर तुंबतो आणि फिरायचा थांबतो

चिखलदरा_ते_बफेलो: लेक इफेक्टचा (सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याचा) बर्फ सकाळपासून पडतोय. ब्लोअर, म्हणजे बर्फ काढायचं मशीन, चार-पाच फूट चालतो, शूट (बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं) तुंबतं आणि पुढचं फिरायचं बंद होतं. उपाय सांगा, लवकर. संध्याकाळी पाहुणे येणार आहेत.

नटबोल्ट: सिंगल स्टेज (फक्त ऑगर, म्हणजे पुढचा बर्फ ओढणारा स्क्रू) की टू स्टेज (ऑगरमागे बर्फ फेकणारा पंखा, इम्पेलरही)? इंजिन बंद पडतं की इंजिन चालू राहून ऑगर थांबतो? एका बाजूचा थांबतो की दोन्ही?

हिमगौरी: तापमान किती? ३० ते ३४ फॅरनहाइटला बर्फ भिजलेल्या पोह्यांसारखा होतो, कुठलंही मशीन तुंबतं. शूट कोरडं करून आतून सिलिकॉन स्प्रे मारा. फ्रॉटल फुल्ल, वेग पहिल्या गिअरचा, आणि प्रत्येक फेरीला अर्धीच रुंदी घ्या.

नटबोल्ट: थ्रॉटल हो, फ्रॉटल नव्हे. बाकी बरोबर.

पुणेरी_प्लाऊ: सीझनचं कंत्राट देऊन टाका. प्लाऊवाला (बर्फ ढकलणारी गाडी घेऊन) पहाटे येऊन जातो, कटकट नाही.

चिखलदरा_ते_बफेलो: कंत्राट नकोय. टू स्टेज, २४ इंची. इंजिन चालू राहतं, पुढचं सगळं थांबतं.

नटबोल्ट: "सगळं" म्हणजे आतला इम्पेलरसुद्धा? एकाच बाजूचा ऑगर थांबला तर त्या बाजूची शिअर पिन (ऑगर दांड्याला जोडणारी) तुटली. दोन्ही ऑगर थांबले पण इम्पेलर फिरतोय, तर दोन्ही पिना किंवा गिअरबॉक्स. इम्पेलरही थांबला आणि इंजिन मस्त चालू, तर इंजिनकडून पुढचं फिरवणारा पट्टा घसरतोय. जळक्या रबराचा वास येतो का?

चिखलदरा_ते_बफेलो: इम्पेलरही थांबतो. वास येतो, मला वाटलं एक्झॉस्टचा असेल. पिनेचा प्रश्न नाही, ती मागच्या महिन्यात तुटली तेव्हा तिथे चांगला जाड स्टीलचा बोल्ट घातलाय.

हिमगौरी: अरे देवा.

नटबोल्ट: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! पिन मऊ असते ती तुटण्यासाठीच. आता गोठलेलं वर्तमानपत्र किंवा दगड ऑगरमध्ये गेला की पिनेऐवजी गिअरबॉक्समधलं ब्राँझचं चाक दात गमावणार. पिन काही डॉलरची, गिअरबॉक्स काहीशेचा. बोल्ट आत्ता काढा, मॉडेलनुसार मूळ पिन घाला, जास्तीच्या चार जवळ ठेवा. पिन काढलेली असतानाच ऑगरच्या नळीत ग्रीस भरा. नळी दांड्याला गंजून चिकटली तर पिन असून उपयोग शून्य.

रबरपट्टी: इम्पेलरच्या पात्यांना पाव इंच जाड रबराच्या पट्ट्या बोल्टने लावा. पातं आणि घर यांच्यातल्या फटीतून ओला बर्फ मागे राहतो, तेच तुंबण्याचं मूळ. सगळ्या पात्यांना सारख्याच लावा, नाहीतर मशीन थरथरेल.

नटबोल्ट: पट्टा घसरत असताना रबर लावलं तर भार वाढून तो आणखी घसरेल. आधी पट्टा.

रबरपट्टी: मी दोन्ही करा म्हणतोय.

नटबोल्ट: क्रमाने करा म्हणतोय मी. ऑगरच्या लिव्हरची केबल बघा. लिव्हर सोडलेला असताना किंचित सैल हवी, लोंबकळती नको. ॲडजस्टर थोडाथोडा फिरवून ताण वाढवा. पण लिव्हर सोडल्यावरही ऑगर फिरत राहिला तर जास्त झालं, लगेच मागे घ्या. तरी घसरला तर कव्हर काढून पट्टा बघा: कडा चकचकीत झाल्या असतील किंवा भेगा असतील तर बदला. नवा मॉडेल नंबरवरूनच घ्या, दुकानातला साधा व्ही-बेल्ट क्लचचं काम झेपवत नाही.

हिमगौरी: आणि तुंबलेलं शूट मोकळं करताना हात घालू नका. इंजिन बंद, किल्ली काढा, सगळं थांबू द्या, मग मशीनबरोबरची काठी. पट्ट्यात ताण अडकून राहतो, गोळा निघाला की इंजिन बंद असूनही पातं झटक्यात फिरतं.

वऱ्हाडी_ठेचा: ड्राइव्हवेवर सैंधव टाकलं तर चालतं का?

हिमगौरी: चालतं, पण साधं रॉक सॉल्ट साधारण १५ फॅरनहाइटखाली मंदावतं. त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड. वेगळा धागा काढा.

चिखलदरा_ते_बफेलो: केबल घट्ट केली, थोडा फरक आहे. पट्टा काचेसारखा चकाकतोय. नवा परवा मिळेल. सिटीच्या प्लाऊने टोकाला टाकलेला खारट ढिगारा तोवर कसा काढू?

नटबोल्ट: फावड्याने. पात्याला मेण चोळा आणि वरून थराथराने काढा, एकदम खालून उचलू नका. त्या ढिगात पट्टा आजच तुटेल. आणि बोल्ट काढलात का?